टॉवेल कारखान्यातला स्विच: पोर्ट, व्हीलॅन आणि एक छोटी स्क्रिप्ट

६ जानेवारी

काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्याचं. मागे लूमची शेड आणि डाईंग, पुढे शिलाई-पॅकिंग, वरच्या मजल्यावर ऑफिस, आणि या सगळ्याला मिळून जिन्याखालच्या रॅकमध्ये एकच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) पीओई (वायरीतूनच वीज देणारा) स्विच, २४ गिगाबिट पोर्ट आणि ४ फायबरचे. रॅक उघडला तर स्विचच्या जाळीवर कापसाचा पांढरा थर, पंखा कसा फिरत होता देव जाणे. आधी ब्रश आणि ब्लोअर, मग नेटवर्क.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीपण. त्यांची तक्रार अशी की दुपारी कॅमेरे अडकतात. रोज नाही, पण अडकले की सगळे एकदम, आणि थोड्या वेळाने आपोआप चालू. कॅमेरावाला म्हणतो नेटवर्क खराब, आधीचा नेटवर्कवाला म्हणायचा कॅमेरेच हलके, आणि अण्णा म्हणतात तुम्ही बसा भांडत, मला गेटवरचा ट्रक दिसला पाहिजे की.

दुसरं काम त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या डिप्लोमावाल्या पोराचं. शिलाईचं किंवा पॅकिंगचं टेबल हललं की पीसी दुसऱ्या पॉइंटला लागतो, मग तो पोर्ट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं जाळं) टाकावा लागतो, आणि स्विचच्या वेबपेजवर हे करायला तो घाबरतो. बरोबरच घाबरतो. त्याच्यासाठी सोपं काहीतरी करून द्यायचं.

८ जानेवारी

आज काहीही बदल न करता फक्त आहे ते लिहून काढलं. या स्विचमध्ये पोर्टच्या मेंबरशिपसाठी तीन वेगळी पानं आहेत, एका पानावर व्हीलॅनची यादी, दुसऱ्यावर प्रत्येक व्हीलॅनला २८ चौकोन ज्यात टॅग्ड, अनटॅग्ड किंवा रिकामं, आणि तिसरं पान पीव्हीआयडीचं. तिन्ही पानं एकमेकांना ओळखत नाहीत. दुसऱ्या पानावर पोर्ट ५ ला व्हीलॅन २० मध्ये टाकलं आणि तिसऱ्या पानावर गेलाच नाहीत तर स्विच काही बोलत नाही, गप्प राहतो, आणि पीसी अर्धवट चालतो.

पोराला हे समजावून सांगताना जे सांगितलं ते इथेच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मेंबरशिप म्हणजे बाहेर जायची यादी. व्हीलॅन २० ची फ्रेम, म्हणजे डेटाचं एक पाकीट, कुठल्या कुठल्या पोर्टातून बाहेर पडू शकते, एवढंच ती यादी सांगते. टॅग्ड की अनटॅग्ड म्हणजे बाहेर पडताना टॅग (फ्रेमवरची व्हीलॅन नंबरची चिठ्ठी) ठेवायचा की काढायचा. आणि पीव्हीआयडी म्हणजे आत येताना, बिनटॅगची फ्रेम आली तर ती कुठल्या व्हीलॅनची समजायची. जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण माणसाच्या डोक्यात "हा पोर्ट पॅकिंगचा" अशी एकच गोष्ट असते. सगळे घोळ या दोघांच्या मधल्या फटीत होतात.

टॅग म्हणजे ८०२.१क्यू, १९९८ चं स्टँडर्ड. इथरनेट फ्रेममध्ये सोर्स मॅक अ‍ॅड्रेसच्या (पाठवणाऱ्या नेटवर्क कार्डाचा पत्ता) नंतर ४ बाइट घुसवतात, पहिले दोन बाइट हेक्समध्ये ८१००, पुढच्या दोनात ३ बिट प्रायॉरिटीचे, १ बिट गर्दीत ही फ्रेम टाकून दिली तरी चालेल का ते सांगणारा, आणि १२ बिट व्हीलॅन नंबरचे. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातला ० म्हणजे "व्हीलॅन नाही, फक्त प्रायॉरिटी" आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला १ ते ४०९४. फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ झाली ती या चार बाइटांमुळेच. पोराने विचारलं एवढे व्हीलॅन कोण वापरतं, म्हटलं आपल्याला सहा पुरतील, तू आकडे लक्षात ठेव.

वेबपेजवरून लिहून काढायचा कंटाळा आला म्हणून एसएनएमपी (प्रोग्राममधून स्विचची सेटिंग वाचायची-लिहायची पद्धत) चालू केलं, फक्त वाचायच्या परवानगीने. क्यू-ब्रिज एमआयबी नावाचा तक्ता या स्विचमध्ये आहे, हा बऱ्याच मॅनेज्ड स्विचमध्ये असतो, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) २६७४ मध्ये १९९९ ला आला आणि २००६ मध्ये त्याची जागा आरएफसी ४३६३ ने घेतली. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, १.३.६.१.२.१.१७.७.१.४.३.१.२ या पत्त्यावर बाहेर जायची यादी मिळते, शेवटच्या २ च्या जागी ४ टाकला की अनटॅग्डची यादी, आणि १.३.६.१.२.१.१७.७.१.४.५.१.१ वर प्रत्येक पोर्टचा पीव्हीआयडी. उद्या सगळं एका कागदावर मांडतो.

९ जानेवारी

मांडलं, आणि कॅमेऱ्यांचं गुपित बहुतेक कागदावरच सापडलं.

याद्या येतात त्या बिटांच्या पट्टीत. २८ पोर्ट म्हणजे ४ बाइट, शेवटचे चार बिट रिकामे. पहिल्या बाइटचा सगळ्यात डावीकडचा बिट म्हणजे पोर्ट १, अगदी हजेरीपत्रकासारखं, हजर तर १ आणि गैरहजर तर ०. समजा एका व्हीलॅनमध्ये पोर्ट ५, ६ आणि २४ आहेत, तर पट्टी अशी: ००००११०० ०००००००० ०००००००१ ००००००००. हे एकदा डोळ्यात बसलं की वेबपेजपेक्षा लवकर वाचता येतं. एक खाचखळगा आहे, यातला पोर्ट नंबर हा ब्रिजचा (फ्रेम इकडून तिकडे पाठवणाऱ्या भागाचा) पोर्ट नंबर असतो, इंटरफेसचा इंडेक्स नव्हे, आणि काही स्विचमध्ये ते दोन वेगळे असतात. दोघांची जोडी लावणारा वेगळा तक्ता आहे, तो बघून घेतला, इथे जुळतात.

आता पट्ट्यांमध्ये दिसलं काय, तर व्हीलॅन १ मध्ये सगळे २८ च्या २८ पोर्ट अनटॅग्ड. त्यावर व्हीलॅन १० ऑफिसला, २० पॅकिंगला, ३० कॅमेऱ्यांना, आणि त्या त्या पोर्टचे पीव्हीआयडी १०, २०, ३०. टॅलीचा आणि डिझाईनच्या फायलींचा सर्व्हर पोर्ट १ वर, त्याचा पीव्हीआयडी १, पण मेंबर मात्र चारही व्हीलॅनचा, सगळीकडे अनटॅग्ड. सगळ्यांचे आयपी १९२.१६८.१ चेच. म्हणजे राउटर न लावता एकच सर्व्हर सगळ्यांना दिसावा म्हणून कोणीतरी हे मुद्दाम केलंय. ही पद्धत चुकीची असं म्हणणार नाही, काही स्विचच्या मॅन्युअलमध्ये असिमेट्रिक व्हीलॅन म्हणून छापलेलीच असते. येताना एक व्हीलॅन, जाताना दुसरा.

भानगड पुढे आहे. स्विच मॅक अ‍ॅड्रेस शिकतो तो कुठल्या व्हीलॅनमध्ये फ्रेम आली त्यावरून. सर्व्हरची फ्रेम नेहमी व्हीलॅन १ मध्ये येते, म्हणून सर्व्हरचा मॅक फक्त १ च्या तक्त्यात. अकाउंटच्या पीसीची फ्रेम नेहमी १० मध्ये येते, म्हणून त्याचा मॅक फक्त १० च्या तक्त्यात. आता सर्व्हर पीसीला फाईल पाठवतो तेव्हा ती फ्रेम व्हीलॅन १ ची, स्विच १ च्या तक्त्यात पीसीचा मॅक शोधतो, तो तिथे कधीच शिकलेला नाही, आणि माहीत नसलेल्या मॅकची फ्रेम स्विच सगळीकडे फेकतो. सगळीकडे म्हणजे व्हीलॅन १ चे सगळे मेंबर, म्हणजे २८ च्या २८. कॅमेऱ्यांसकट.

सगळ्या व्हीलॅनचा मॅक तक्ता एकच असेल तर हे होत नाही. एमआयबीमध्ये प्रत्येक व्हीलॅनला कुठला तक्ता लागू आहे त्याचा नंबर दिसतो, इथे १, १०, २०, ३० सगळे वेगवेगळे. म्हणजे हा स्विच प्रत्येक व्हीलॅनचं शिकणं स्वतंत्र ठेवतो, आणि अशा स्विचवर ती युक्ती म्हणजे दिवसभर चालू असलेला पूर. रोजच्या कामात तो पूर घोट्याएवढा, कोणाला कळत नाही. दुपारी काय होतं ते अकाउंटच्या मॅडमना विचारायचं.

११ जानेवारी

अकाउंटच्या मॅडम जेवायला जाताना सर्व्हरवरून आपल्या पीसीवर बॅकअप लावून जातात. टॅलीचा डेटा लहान, पण डिझाईनच्या फायली भरपूर. रोज नाही, आठवण झाली की. बरोब्बर.

रिकाम्या कॅमेरा पोर्टला लिनक्सवाला लॅपटॉप लावला, टीसीपीडंप (वायरीवरच्या फ्रेम दाखवणारा प्रोग्राम) चालू केलं आणि मॅडमना म्हटलं आज जरा लवकर लावता का बॅकअप. लावल्याबरोबर स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकायला लागले आणि लॅपटॉपवर सर्व्हर ते अकाउंट पीसी अशा फ्रेमांचा पाऊस, ज्याच्याशी माझ्या लॅपटॉपचा काही संबंध नाही. पोरगा म्हणाला, सर हे तर आपल्याला दिसायलाच नको. हेच की.

कॅमेरे का मरतात तेही सरळ आहे. सर्व्हर गिगाबिटने ओततोय, कॅमेऱ्याचा पोर्ट १०० मेगाबिटचा. कॅमेऱ्याचा व्हिडिओ वर जातो, तो रस्ता मोकळाच आहे, पण रेकॉर्डरकडून कॅमेऱ्याकडे येणाऱ्या टीसीपीच्या पोचपावत्या त्याच तुंबलेल्या रस्त्याने खाली येतात. पावती मिळाली नाही की कॅमेरा पुढचं पाठवायचं थांबवतो. बॅकअप संपला की सगळं पूर्ववत. म्हणजे कॅमेरावाला आणि नेटवर्कवाला दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते म्हणायचं. अण्णांना एवढं सगळं सांगितलं नाही, म्हटलं तोपर्यंत बॅकअप रात्री लावा. ते तेलुगूत फोनवर भावाला काहीतरी सांगून हसले, आणि मला विचारलं पण कायमचं कधी.

१३ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरची यात्रा, सुरू. कारखान्यात निम्मे लोक यात्रेत, शहरात होम मैदानाच्या बाजूने जायची सोय नाही. या आठवड्यात साइटवर काही करायचं नाही असं ठरवलं, घरी बसून नकाशा आणि स्क्रिप्ट.

नकाशा असा. १० ऑफिस आणि सर्व्हर, २० पॅकिंग-शिलाई, ३० कॅमेरे आणि रेकॉर्डर, ४० हजेरीची मशीन, ५० पाहुण्यांचं वायफाय, ९९ स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट सांभाळायला. व्हीलॅन १ मध्ये कोणीही नाही. तो काढून टाकता येत नाही पण रिकामा ठेवता येतो, आणि तो रिकामाच बरा, कारण बहुतेक स्विचमध्ये नवा-कोरा किंवा रिसेट झालेला पोर्ट तिथेच जाऊन पडतो. पोर्ट २४ ट्रंक, सगळे व्हीलॅन टॅग्ड, राउटरकडे.

आयपीचं मात्र थोडं चातुर्य केलं. ऑफिसच्या व्हीलॅन १० ला जुनंच १९२.१६८.१ ठेवलं, म्हणजे सर्व्हर, प्रिंटर, अकाउंट यांना हात लावायचा नाही. बाकीचे १९२.१६८.२०, ३० असे. आकडा आणि व्हीलॅन जुळायला पाहिजे हा सौंदर्याचा हट्ट ऑफिसपुरता सोडला, पंधरा पीसी आणि तीन प्रिंटर परत सेट करण्यापेक्षा हट्ट सोडणं स्वस्त. शिवाय बॅकअप व्हीलॅन १० च्या आतल्या आत होतो, तो राउटरपर्यंत जाणारच नाही.

रेकॉर्डर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये. काही लोक रेकॉर्डर ऑफिसात ठेवतात आणि मग रेकॉर्डरला कॅमेरे सापडत नाहीत म्हणून रडतात. कॅमेरा शोधायची पद्धत मल्टिकास्टवर चालते, २३९.२५५.२५५.२५० वर हाक मारतात, ती हाक व्हीलॅनच्या बाहेर जात नाही. अण्णांच्या मोबाईलवरचं बघणं राउटरमधून जाईल, ते चालतं.

१६ जानेवारी

राउटर घरीच तयार केला, ओपनडब्ल्यूआरटीवाला (राउटरसाठीचं मोफत लिनक्स). त्यात २१.०२ या आवृत्तीपासून बऱ्याच मॉडेलमध्ये स्विचचे पोर्ट लिनक्सच्या ब्रिजला सरळ जोडलेले दिसतात, आणि पोर्टची मेंबरशिप लिहायची त्यांची पद्धत मला फार आवडते. पोर्टचं नाव, पुढे कोलन, अनटॅग्डला यू किंवा टॅग्डला टी, आणि हाच पीव्हीआयडी असेल तर एक तारा. एका ओळीत जाणंही आलं आणि येणंही आलं. कारखान्यातल्या स्विचच्या तीन पानांनी जे तोडलं ते इथे एका ताऱ्याने जोडलंय.

साध्या लिनक्स बॉक्सवर हेच हाताने करणाऱ्यांसाठी, ब्रिजवर व्हीलॅन फिल्टरिंग मुळात बंद असतं. ते चालू केल्याशिवाय कितीही व्हीलॅन जोडा, ब्रिज साध्या स्विचसारखा सगळं सगळीकडे पाठवतो आणि यादीत मात्र सगळं झकास दिसतं.

१९ जानेवारी

स्क्रिप्ट. पायथन, फार मोठी नाही. नाव पोर्टवाला ठेवलं, पोराने ठेवलंय.

पोराला व्हीलॅन नंबर, टॅग, पीव्हीआयडी यातलं काहीच लिहायचं नाही असं ठरवलं. एक साधी फाईल, प्रत्येक ओळीत पोर्ट नंबर आणि भूमिका: ऑफिस, पॅकिंग, कॅमेरा, हजेरी, ट्रंक, बंद. भूमिकेवरून तिन्ही गोष्टी स्क्रिप्ट काढते, कुठल्या यादीत बिट लावायचा, अनटॅग्डमध्ये लावायचा का, पीव्हीआयडी काय. आधी फक्त फरक दाखवते, "पोर्ट ९ पॅकिंगमधून ऑफिसमध्ये जाईल" एवढंच, आणि हो म्हटल्यावरच लिहिते. माझं मत विचाराल तर स्विच बनवणाऱ्यांनी वेबपेजच असं करायला पाहिजे होतं, खालचे तीन तक्ते ज्याला पाहिजेत त्याला वेगळे दाखवा.

घरी एक जुना त्याच जातीचा स्विच होता त्यावर लिहिणं तपासलं. बिटपट्टी तीन बाइटांची पाठवली तर एरर ८, लांबी चुकीची. म्हणून स्क्रिप्ट आधी वाचते, आलेली लांबी तशीच ठेवते आणि आपल्याला पाहिजे तेवढेच बिट बदलते, पुढचे बिट कशाचे आहेत याची चौकशी करत नाही, काही स्विच तिथे जोडपोर्ट (दोन-तीन पोर्ट बांधून केलेला एक) ठेवतात. पीव्हीआयडी साधा इंटिजर म्हणून पाठवला तर एरर ७, अनसाइन्ड म्हणून पाठवला की घेतो. नवीन व्हीलॅन बनवायला रो-स्टेटस नावाच्या रकान्यात ४, काढायला ६.

खरा वेळ गेला तो क्रमात. अनटॅग्डची यादी ही बाहेर जायच्या यादीच्या आतच असली पाहिजे, बाहेरच्या यादीत नसलेला पोर्ट अनटॅग्डमध्ये लावला की एरर १२, म्हणजे विसंगत. काढतानाही तेच उलट, आधी अनटॅग्डमधून काढायचा मग बाहेरच्या यादीतून, नाहीतर पुन्हा १२. एसएनएमपीच्या नियमाप्रमाणे एकाच सेटमध्ये पाठवलेल्या सगळ्या किमती एकदम लागल्यासारख्या धरायच्या असतात, पण हा स्विच ओळीने एकेक तपासतो असं दिसतं, म्हणून त्या भरवशावर राहिलो नाही. आणि पोर्टचा पीव्हीआयडी ज्या व्हीलॅनचा आहे त्यातून पोर्ट काढायला तो नाही म्हणतो. तेव्हा क्रम असा पक्का केला: नवीन व्हीलॅन बनवा, पोर्ट नव्या यादीत जोडा, अनटॅग्ड लावा, पीव्हीआयडी बदला, मग जुन्या अनटॅग्डमधून आणि जुन्या यादीतून काढा, शेवटी परत वाचून जुळवा. मधल्या क्षणी पोर्ट दोन व्हीलॅनमध्ये असतो, ते चालतं, पण एकाही व्हीलॅनमध्ये नाही असं कधीच होत नाही. पीसीला एखादा पिंगसुद्धा चुकत नाही बहुतेक वेळा.

२२ जानेवारी

एक कुलूप घातलं. ज्या पोर्टातून स्क्रिप्ट स्वतः स्विचशी बोलतेय तो पोर्ट आणि ट्रंक, हे दोन ती बदलणारच नाही, वेगळा हट्टाचा पर्याय दिल्याशिवाय. आपण कुठल्या पोर्टवर आहोत हे कळायला स्विचच्याच मॅक तक्त्यात आपला मॅक शोधायचा, १.३.६.१.२.१.१७.७.१.२.२.१.२ वर मिळतो, तिथे किमतीत पोर्ट नंबर येतो.

वाचायला स्टॅटिक तक्ताही आहे आणि सध्याचाही आहे. स्टॅटिकमध्ये आपण सांगितलेलं, सध्याच्यात प्रत्यक्ष चालू असलेलं, म्हणजे शेजारच्या स्विचने जीव्हीआरपीवरून (स्विचनी एकमेकांना व्हीलॅन कळवायची पद्धत) आपोआप जोडून घेतलेलंही. शेवटची जुळवणी सध्याच्या तक्त्याशी करतो. जीव्हीआरपी इथे बंदच ठेवलं, एका स्विचच्या कारखान्यात आपोआप कोणाकडून काय शिकायचंय.

लाईटचा विचार. एसएनएमपीने लिहिलेलं चालू सेटिंगमध्ये जातं, सेव्ह केलं नाही तर स्विच बंद-चालू झाल्यावर गायब. लोक याला कटकट म्हणतात, मी मुद्दाम वापरणार आहे: सगळं तपासून होईपर्यंत सेव्ह करायचंच नाही, आपणच आपल्याला बाहेर कोंडून घेतलं तर स्विचचं बटण दाबायचं आणि सगळं जुन्यावर. सेव्ह करायचा एमआयबी प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून तेवढं वेबपेजवरून हाताने.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर कारखाना बंद, तेव्हा धरला. इलेक्ट्रिशियन मामांना रॅकपाशी बसवलं, त्यांना म्हटलं मी ओरडलो तर हे बटण, नाहीतर हात लावायचा नाही. मामा म्हणाले ओरडायची वेळ आणू नका म्हणजे झालं.

क्रम: आधी राउटर पोर्ट २४ ला लावून ट्रंक तपासला, लॅपटॉपवर टीसीपीडंपने टॅग दिसतात का ते बघून. इथे एक सूचना, हे विंडोजच्या लॅपटॉपवर बघू नका, बऱ्याच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग वरच्या वर काढून टाकतात आणि आपण स्विचला शिव्या देत बसतो. मग कॅमेरे, मग पॅकिंग, मग हजेरी, शेवटी ऑफिस. सर्व्हरच्या पोर्टची चारही व्हीलॅनमधली मेंबरशिप काढून फक्त १०, पीव्हीआयडी १०. त्यानंतर व्हीलॅन १ ची पट्टी वाचली: चारही बाइट शून्य. बरं वाटलं.

स्विचचा स्वतःचा आयपी ९९ मध्ये न्यायचं काम सगळ्यात शेवटी. पोर्ट २३ आधीच ९९ मध्ये अनटॅग्ड करून ठेवला होता, केबल तिकडे लावली, पान परत उघडलं, तेव्हा कुठे सेव्ह. मामांचं बटण वापरावं लागलं नाही.

मग मॅडमचा बॅकअप मीच लावून बघितला. दोनच दिवे पळताना दिसले, बाकीचे आपापल्या चालीने. कॅमेऱ्यांची सगळी चित्रं चालू. पोराने त्याचा व्हिडिओ काढून अण्णांना पाठवला, अण्णांचा अंगठा आला.

२७ जानेवारी

सकाळी अपेक्षेप्रमाणे फोन. दोन गोष्टी अडल्या आणि दोन्हीत स्विचचा संबंध नाही, पण व्हीलॅन केल्यावर हमखास येतात म्हणून लिहितो.

पॅकिंगच्या पीसीवरून टॅलीचं शेअर्ड फोल्डर उघडेना. राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट दिलेली, सर्व्हरपर्यंत फ्रेम पोचतेय हेही दिसत होतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाईल शेअरिंगचा नियम प्रायव्हेट नेटवर्कला असतो तो "लोकल सबनेट" (आपल्याच पट्ट्यातले आयपी) एवढ्यापुरताच. कालपर्यंत पॅकिंग त्याच सबनेटमध्ये होतं, आज शेजारच्या. नियमाच्या स्कोपमध्ये १९२.१६८.२० चं जाळं जोडलं, उघडलं. अख्खी फायरवॉल बंद करून मोकळं होणारे बघितलेत, तसं करू नका.

हजेरीचं मशीन अकाउंटच्या सॉफ्टवेअरला सापडेना. मशीनच्या मेन्यूत जाऊन बघितलं तर आयपी नवा घातलेला, गेटवेच्या (दुसऱ्या जाळ्यात जायचं दार) जागी शून्य-शून्य-शून्य-शून्य. आतापर्यंत सगळे एकाच सबनेटमध्ये म्हणून गेटवे कधी लागलाच नाही. घातला, राउटरमध्ये पोर्ट ४३७० फक्त अकाउंटच्या पीसीला मोकळा ठेवला, झालं. कामगारांची हजेरी मशीनमध्येच साठलेली होती, ती नंतर उतरली, कोणाचा खाडा पडला नाही. हे महत्त्वाचं, पगार आठवड्याचा आहे.

३० जानेवारी

कॅमेरा पोर्टांवर इन्ग्रेस फिल्टरिंग चालू केलं. हे बहुतेक स्विचवर मुळात बंद असतं आणि कोणी बघत नाही. बंद असलं की पोर्ट ज्या व्हीलॅनचा मेंबर नाही त्याचा टॅग लावून फ्रेम आली तरी स्विच आत घेतो. उत्तर परत येणार नाही, पण एकतर्फी का होईना, गेटबाहेरच्या खांबावरच्या कॅमेऱ्याची वायर काढून कोणी व्हीलॅन १० चा टॅग लावून ऑफिसात काही ढकलू शकतो. चालू केल्यावर अशी फ्रेम दारातच पडते. ट्रंकवर आणखी एक, फक्त टॅगवाल्या फ्रेम घ्यायच्या. उलटं, म्हणजे अ‍ॅक्सेस पोर्टावर (पीसी, कॅमेरा असं एकेक उपकरण लागतं तो) फक्त बिनटॅगच्याच घ्या, असं या जुन्या एमआयबीतून सांगता येत नाही, त्यात "सगळ्या" आणि "फक्त टॅगवाल्या" एवढेच दोन पर्याय. वेबपेजवर तिसरा आहे, तिथून लावला.

लिहायचा एसएनएमपी आता आवृत्ती ३ वर, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनसकट, आणि फक्त ९९ मधून. आवृत्ती २ मध्ये कम्युनिटीचं नाव, जे पासवर्डसारखं चालतं, वायरीवरून उघडं जातं, वाचण्यापुरतं एक वेळ ठीक, पण जो ते ऐकेल तो पोर्ट हलवू शकेल हे नको.

४ फेब्रुवारी

पोराने आज स्वतः शिलाईचं टेबल हलवलं. फाईलमध्ये पोर्ट ११ पुढे ऑफिस खोडून पॅकिंग लिहिलं, फरक वाचला, हो म्हटलं, आणि मला फोन केला तो झाल्यावर. सेव्ह केलंस का विचारलं तर म्हणाला, पीसी चालला, टॅली उघडलं, मगच केलं सर.

राहिलेलं एकच. डाईंग शेडमध्ये पोर्ट १४ च्या पुढे एक पाच पोर्टचा साधा स्विच टांगलाय, त्यावर एक पीसी आणि एक हजेरी मशीन दोन्ही. साध्या स्विचला व्हीलॅन कळत नाही, पोर्ट १४ ला जी भूमिका तीच खाली लटकलेल्या सगळ्यांना, म्हणून तिथली हजेरी सध्या पॅकिंगच्याच व्हीलॅनमध्ये आहे. तिथे आठ पोर्टचा छोटा मॅनेज्ड स्विच पाहिजे, शक्यतो बिनपंख्याचा, तिथल्या वाफेत आणि धुरळ्यात पंखा टिकणार नाही. कोटेशन दिलंय, अण्णा म्हणाले मार्चनंतर बघू.